लोखंडाच्या गावात ॲल्युमिनियम

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ‘फाउंड्री’, म्हणजे ओतशाळा, म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लोखंडच येते, आणि ते स्वाभाविकही आहे. पंपांची कवचे, हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी, ब्रेक ड्रम, फ्लायव्हील हाउसिंग असे ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या प्रकारांचे भाग बेळगावातून आणि शेजारच्या कोल्हापुरातून देशभर जातात. या गावात ॲल्युमिनियम ओतणारे आम्ही थोडे उपरेच होतो. गेल्या काही वर्षांत मात्र वाहन उद्योगातले ग्राहक स्वतःहून विचारू लागले आहेत, की हाच भाग ॲल्युमिनियममध्ये करता येईल का. त्यामागचा हिशेब सरळ आहे. ओतीव लोखंडाची घनता ७.२ आणि ॲल्युमिनियमची २.७; त्यामुळे लोखंडात सोळा किलो भरणारे हाउसिंग त्याच आकारात ॲल्युमिनियमचे केले तर सहा किलोचे होते. ताकदीसाठी भिंती जाड कराव्या लागतात, रिब वाढवाव्या लागतात, म्हणून प्रत्यक्षात ते सात-आठ किलोवर जाते. तरीही निम्मे वजन वाचते, आणि गाडी डिझेलवर चालो की बॅटरीवर, वाचलेल्या प्रत्येक किलोला किंमत असते.

या चौकश्यांबरोबर कागदपत्रांत एक नवा रकानाही आला आहे: कच्चा माल देशी आहे की आयात केलेला. वाहन उद्योगासाठी २०२१ साली मंजूर झालेल्या २५,९३८ कोटी रुपयांच्या पीएलआय (उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाच्या) योजनेत किमान ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धनाची अट आहे, आणि मोठ्या कंपनीला लागू झालेली अट वरून खाली झिरपत शेवटी आमच्यासारख्या छोट्या पुरवठादाराच्या टेबलावर येऊन पडते. आमचा इन्गॉट, म्हणजे वितळवायला घेतलेली मिश्रधातूची लगड, भारतातल्या भट्टीतूनच येतो, त्यामुळे त्या रकान्यात ‘देशी’ असे लिहिणे कायद्याने चूक नाही. पण भट्टी देशी आणि धातू देशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक आमच्या सीमाभागात जितका ठसठशीत दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल.

नकाशा पुढे ठेवला तर ॲल्युमिनियमच्या बाबतीत बेळगाव स्वयंपूर्ण असायला हवे, असे कोणालाही वाटेल. पश्चिमेला चंदगड आणि त्याच्या वर राधानगरी. सह्याद्रीच्या या पठारांवर लाखो वर्षांच्या पावसाने काळ्या पाषाणातली सिलिका आणि क्षार धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. लोह जास्त राहिले तिथे आपल्या घरांच्या भिंतींचा जांभा झाला, ॲल्युमिनियम जास्त राहिले तिथे बॉक्साईट झाले. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या खाणीचे बॉक्साईट महाराष्ट्राची हद्द ओलांडून बेळगावच्या कारखान्यात येत आले आहे. भाषिक सीमेवरून दोन राज्यांत कितीही वाद होवोत, बॉक्साईटच्या ट्रकने तो कधी मनावर घेतला नाही. १९७०च्या सुमारास इंडालने (इंडियन ॲल्युमिनियम कंपनी) येथे बॉक्साईटपासून ॲल्युमिना काढण्याचा कारखाना सुरू केला आणि त्याला जोडून ॲल्युमिनापासून धातू काढणारा स्मेल्टरही उभारला. म्हणजे खाण, ॲल्युमिना, धातू आणि ओतशाळा हे सारे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत होते.

स्मेल्टर नव्वदच्या दशकात बंद पडला. कारण वीज. साधारण चार टन बॉक्साईटपासून दोन टन ॲल्युमिना मिळते आणि दोन टन ॲल्युमिनापासून एक टन धातू. या शेवटच्या टप्प्याला टनामागे सुमारे १४,००० युनिट वीज लागते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला तेवढी वीज साडेअकरा वर्षे पुरेल. शिवाय ही वीज अखंड लागते. स्मेल्टरच्या टाक्यांतला वितळलेला क्षार काही तास वीज गेली तरी गोठू लागतो, आणि गोठलेली टाकी पुन्हा सुरू करणे म्हणजे जवळजवळ नवी बांधणे. त्या काळात कर्नाटकाची वीज मुख्यतः धरणांवर अवलंबून होती; पाऊस कमी झाला की कपात ठरलेली. विजेची टंचाई आणि वाढते दर यांपुढे येथे धातू काढणे परवडेनासे झाले. देशातले मोठे स्मेल्टर कोरबा, रेणुकूट, हिराकूड, अंगुळ, झारसुगुडा अशा ठिकाणी आहेत, म्हणजे जिथे धरण किंवा कोळसा शेजारी आहे तिथे, यामागचे कारण हेच. २००० साली इंडालची मालकी हिंदाल्कोकडे आली आणि बेळगावच्या कारखान्यात आज प्रामुख्याने विशेष प्रतीचे ॲल्युमिना आणि हायड्रेट तयार होते, जे सिरॅमिक, उष्णतारोधक विटा आणि पाणी शुद्धीकरणाची तुरटी अशा कामांना जाते. स्पार्क प्लगचा पांढरा भाग ॲल्युमिनाचाच असतो. त्या अर्थाने ॲल्युमिना मोटारीत जातेच, फक्त धातू म्हणून जात नाही.

आता आमच्या भट्टीत पडणाऱ्या इन्गॉटकडे वळू. वाहनांसाठी लागणारे ओतकामाचे मिश्रधातू दोन वाटांनी तयार होतात. पहिली वाट स्मेल्टरच्या शुद्ध धातूत सिलिकॉन आणि मॅग्नेशियम मिसळण्याची. अलॉय व्हीलसाठी लागणारा ए-३५६ सहसा या वाटेने येतो, कारण त्यात लोह ०.२० टक्क्यांच्या वर चालत नाही. दुसरी वाट भंगाराची. क्रँक केस, क्लच कव्हर, गिअरबॉक्सचे कवच, पंपाची बॉडी असे प्रेशर डायकास्टिंगचे (पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबाने धातू भरून केलेले) बहुतेक भाग ज्या एडीसी-१२ या जपानी प्रमाणातल्या मिश्रधातूचे होतात, तो जवळजवळ पूर्णपणे भंगारातून तयार होतो. भंगार वितळवायला नव्या धातूच्या मानाने अवघी पाच टक्के ऊर्जा लागते, त्यामुळे जिथे भंगार चालते तिथे शुद्ध धातू कोणी वापरत नाही, आणि वापरूही नये.

अडचण अशी, की हे भंगार आपले नाही. देशात वर्षाला सुमारे ४० लाख टन प्राथमिक ॲल्युमिनियम तयार होते आणि त्याच वेळी १५ लाख टनांहून अधिक भंगार अमेरिका, ब्रिटन, आखाती देश आणि इतर ठिकाणांहून जहाजाने येते. टेन्स, ट्विच, झोर्बा, ट्रोमा अशा व्यापारी नावांनी विकला जाणारा हा माल म्हणजे तिकडच्या मोडीत निघालेल्या मोटारींचे अवयव. झोर्बा हा प्रकार तर यंत्राने चुरलेल्या गाड्यांतून लोखंड वेगळे केल्यावर उरलेल्या सगळ्या धातूंची मिसळ असते. तिच्यातून तांबे, पितळ, जस्त आणि ॲल्युमिनियम वेगळे करण्याचे काम भारतातल्या वखारींत माणसे, त्यांतही बहुतांश महिला, नजरेने आणि हातांनी करतात. सिलिकॉन आणि मॅग्नेशियमही मुख्यतः बाहेरून, त्यातही चीनमधून येते. २०२१च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात चीनने विजेच्या टंचाईमुळे मॅग्नेशियमच्या भट्ट्या बंद केल्या, तेव्हा जगभर दर भडकले आणि त्याची झळ एलएम-२५ हा मॅग्नेशियम असलेला मिश्रधातू ओतणाऱ्या सगळ्यांनाच लागली. तेव्हा देशी इन्गॉट म्हणजे परदेशातल्या मोडक्या मोटारी, चिनी सिलिकॉन आणि आपली भट्टी. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, पण स्वावलंबनाचे भाषण करण्यापूर्वी एवढे माहीत असावे.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला धातुशास्त्राचा प्रश्न मला अर्थकारणाहून महत्त्वाचा वाटतो, आणि बेळगावच्या ओतकामवाल्यांना तो चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे, कारण त्यात खलनायक लोखंडच आहे. ॲल्युमिनियममध्ये गेलेले लोह साध्या उपायांनी बाहेर काढता येत नाही. मॅग्नेशियम जळून कमी होते, विरघळलेला वायू नायट्रोजनचे बुडबुडे सोडून काढता येतो, ऑक्साईड फ्लक्सची भुकटी टाकून वर आणून ड्रॉसबरोबर, म्हणजे वरच्या मळीबरोबर, काढून टाकता येते; लोह मात्र एकदा विरघळले की कायमचे. भंगार दर वेळी वितळताना ते थोडे थोडे वाढतच जाते: सिलिंडर हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट, सिलिंडर ब्लॉकमधले बिडाचे लायनर, कुठेतरी अडकलेला एखादा बोल्ट, इतकेच काय, ढवळायची लोखंडी सळई आणि धातू उचलायची लोखंडी पळी (लॅडल) यांच्यावर लेप नसेल तर त्यांचेही लोह.

हे लोह गार होताना सिलिकॉनशी जोडून सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे दिसणारे स्फटिक तयार करते, आणि त्या सुयांच्या टोकाशी तडा सुरू होतो. ग्रॅव्हिटी डायकास्टिंगमध्ये, जिथे धातू दाबाशिवाय नुसता ओतला जातो आणि सावकाश गोठतो, तिथे या सुया लांब वाढतात; म्हणून एलएम-२५ मध्ये लोहाची मर्यादा ०.५ टक्के आणि एलएम-६ मध्ये ०.६ टक्के आहे. प्रेशर डायकास्टिंगमध्ये धातू सेकंदाच्या अंशात पोलादी डायमध्ये गोठतो, सुया लहान राहतात आणि शिवाय थोडे लोह तिथे हवेच असते, कारण ते नसेल तर ॲल्युमिनियम डायच्या पोलादालाच खाऊ लागते आणि भाग डायला चिकटतो. म्हणून एडीसी-१२ मध्ये साधारण ०.८ टक्के लोह मुद्दाम राखतात आणि १.३ टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. एकाच उद्योगात, एकाच शेडमध्ये, या भट्टीला हवा असलेला घटक त्या भट्टीला चालत नाही, अशी ही स्थिती आहे.

सुयांवर उपाय म्हणून मँगेनीज घालतात, कारण ते स्फटिकाचा आकार बदलते. पण मँगेनीज आणि क्रोमियम वाढले की दुसरे दुखणे सुरू होते, भट्टीच्या तळाशी गाळ बसण्याचे. तो बसेल का, हे पाहण्यासाठी एक हिशेब आहे. लोहाची टक्केवारी, अधिक मँगेनीजची दुप्पट, अधिक क्रोमियमची तिप्पट, अशी बेरीज करायची. ६५० अंशांवर धातू धरून ठेवायचा असेल तर ती साधारण १.८च्या आत असावी. लोह १ टक्का, मँगेनीज ०.३ आणि क्रोमियम ०.१ असेल तर बेरीज १.९ होते, म्हणजे तिन्ही घटक आपापल्या मर्यादेत बसले तरी भट्टीत गाळ बसणार. आमच्याकडे खानापूरकडचे एक जुने मेल्टर आहेत, ज्यांना सगळे मामा म्हणतात. हा गाळ स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या, आधी त्यांच्या हाताला कळतो. लॅडल क्रुसिबलच्या (धातू वितळवायच्या भांड्याच्या) तळाशी फिरवून ते सांगतात, “साहेब, तळाला गाळ बसालाय बघा, आज तापमान उतरू देऊ नका.” तो गाळ वाळूसारखा करकरीत लागतो, आणि तो एखाद्या भागात गेला की मशीनिंगच्या वेळी कार्बाईडची टूल टिप त्याच्यावर आपटून तुटते. मग सीएनसीवाल्याचा फोन येतो, की तुमच्या कास्टिंगमध्ये ‘हार्ड स्पॉट’ आहेत.

प्रमाणपत्रावर फार विसंबून चालत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. एकदा एका पुरवठादाराकडून आलेल्या एलएम-२५च्या गठ्ठ्याबरोबरच्या कागदावर लोह ०.४५ होते, आम्ही वेगवेगळ्या इन्गॉटचे नमुने तपासले तर काही ०.४ला होते आणि काही ०.७च्या पुढे. दोन वेगळ्या हीटचे, म्हणजे वेगवेगळ्या वेळी वितळवलेल्या धातूचे, इन्गॉट एकाच गठ्ठ्यात बांधून कागद एकाचाच लावला होता. परदेशी भंगार असो की गावठी, ज्याने निवडले त्याच्या शिस्तीवर मालाचा दर्जा ठरतो.

म्हणून माझे मत असे, की देशांतर्गत मिश्रधातूंच्या उत्पादनाची खरी खाण आता चंदगडच्या पठारावर नाही. ती भंगाराच्या वखारीत आहे, आणि तिच्यातले कौशल्य वितळवण्याचे नसून निवडण्याचे आहे. पिस्टन वेगळे काढायचे, कारण ते ज्या एलएम-१३ चे असतात त्यात निकेल असते. चाके वेगळी, कारण त्यांत लोह सर्वांत कमी. खिडक्यांच्या चौकटी वेगळ्या, कारण त्या ६०६३ या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांत सिलिकॉन अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असते. इंजिनचे ओतीव भाग वितळण्याच्या किंचित खालच्या तापमानापर्यंत तापवले की ठिसूळ होतात आणि हातोड्याच्या घावाने फुटून आतले लोखंड सुटे होते. उताराच्या तळाची भट्टी असेल तर ॲल्युमिनियम वितळून वाहून जाते आणि लोखंड वरच राहते. हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने तांबे, जस्त, लोह चटकन कळते, पण मॅग्नेशियम आणि सिलिकॉनसारख्या हलक्या मूलद्रव्यांना ते कमी पडते. तिथे लेझरवर चालणारे यंत्र लागते, आणि त्याची किंमत छोट्या वखारवाल्याला झेपणारी नाही.

सीमाभागात या कामाला आणखी एक आडकाठी आहे. चंदगड तालुक्यातला छोटा भंगारवाला, ज्याची उलाढाल जीएसटीच्या नोंदणीइतकी नाही, तो आपला माल कोल्हापूरला विकू शकतो. तिथे ऑक्टोबर २०२४ पासून असा माल घेणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याने कर स्वतः भरायचा असतो. पण शिनोळी ओलांडून अर्ध्या तासावरच्या बेळगावला माल द्यायचा, तर तो परराज्यातला व्यवहार ठरतो आणि त्यासाठी उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे बेळगावच्या बाजारहाटाला रोज येणाऱ्या माणसाचे भंगार कायद्याच्या वाटेने कोल्हापूरला जाते, आणि आम्ही बंदरावरून आलेल्या मालाचे इन्गॉट घेतो. जुन्या वाहनांविषयीचे २०२५चे नियमही येथे फारसे मदतीला येत नाहीत, कारण त्यांत उत्पादकांची जबाबदारी वाहनातून परत मिळणाऱ्या पोलादावर मोजली जाते. ॲल्युमिनियम त्या हिशेबात नाही.

पुढची दहा वर्षे याहून वेगळी असतील. बॅटरीवरच्या गाडीत पिस्टन नाही, सिलिंडर हेड नाही, म्हणजे लोह आणि तांबे पोटात घालणाऱ्या मिश्रधातूंचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हळूहळू कमी होणार. त्या गाडीला मोटरचे कवच, बॅटरीचा ट्रे आणि मोठाले एकसंध ओतीव सांगाडे लागतात, आणि अपघातात न तुटता वाकावेत म्हणून त्यांना लोह कमी असलेला धातू लागतो. एडीसी-१२ लगेच संपेल असे मी म्हणत नाही. आपल्याकडे दुचाकींचा पसारा मोठा आहे. पण आज ज्या भंगाराला ‘चालतंय’ म्हणून भट्टीत टाकले जाते, त्याला उद्या भट्टी मिळणे अवघड होणार, हे उघड आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात होणाऱ्या ॲल्युमिनियमवर कार्बन-शुल्क लावण्यास सुरुवात केल्यावर निवडलेल्या भंगाराला निर्यातीच्या दृष्टीनेही मोल आले आहे.

बेळगावला पुन्हा स्मेल्टर हवा, असे अधूनमधून कोणीतरी बोलते. मला ते पटत नाही. १४,००० युनिटांचा हिशेब आजही तोच आहे. त्यापेक्षा आपल्या दाराशी पडलेल्या धातूकडे पाहावे. बेळगाव परिसरात मशीनिंगचे छोटे वर्कशॉप शेकड्यांनी आहेत आणि हत्तरगीला विमानांच्या भागांचा एरोस्पेस सेझ आहे. विमानांच्या भागांना वापरल्या जाणाऱ्या ७०७५ या मिश्रधातूत जस्त साडेपाच टक्क्यांच्या आसपास असते आणि २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूत तांबे चार टक्क्यांच्या पुढे. मशीनिंग करताना निघणारा त्यांचा कीस, म्हणजे चिप्स, वेगळ्या राहिल्या तर तो महागाचा माल आहे. एलएम-२५च्या चिप्समध्ये मिसळल्या, तर दोन्हींचे मातेरे. पाचशे किलोच्या भट्टीत शंभर किलो ७०७५ नकळत गेले, तरी एडीसी-१२ची एक टक्का जस्ताची मर्यादा ओलांडली जाते. आणि चिप्स बघून ओळखू येत नाहीत; कूलंटने माखलेला तो चंदेरी भुसा सगळा सारखाच दिसतो. म्हणून चिप्सची निवड वखारीत करून उपयोग नाही, ती लेथच्या खालीच व्हायला हवी.

फाउंड्री क्लस्टरच्या धर्तीवर आमच्या परिसरातल्या कारखान्यांनी मिळून एक सामायिक स्पेक्ट्रोमीटर, चिप्समधले तेल काढणारे एक सेंट्रिफ्यूज आणि ग्रेडवार ठेवलेले पिंप एवढी सोय केली, तरी सुरुवात होईल. त्याला ना खाण लागते, ना परदेशी तंत्रज्ञान. आम्ही आमच्यापुरते एवढे केले आहे, की आमची कास्टिंग ज्या वर्कशॉपमध्ये मशीनिंगला जातात, त्यांना ग्रेडनुसार रंगवलेले पिंप दिले आहेत आणि चिप्स न मिसळता परत आल्या तर मिसळीच्या दराहून किलोमागे काही रुपये जास्त देतो. काहींनी ते लगेच मानले. काहींचे म्हणणे असे, की दोन मशीनच्या गाळ्यात चार पिंपे ठेवायला जागाच नाही, आणि ते खोटे नाही. त्यांच्यासाठी लहान झाकणाच्या बादल्या आणि आठवड्यातून दोनदा फिरणारा टेम्पो, असा हिशेब सध्या मांडून पाहतो आहे.